पायांवर बसलेलं पाकट

मृदुलाला ती रबरी विजार चढवायला दोन माणसं लागली. एक तिची लेक इरा आणि दुसरी त्यांच्याच क्रूझवरची एक ऑस्ट्रेलियन आजी, जिची स्वतःची विजार अजून गुडघ्यांतच अडकली होती. बुटांपासून छातीपर्यंत सगळं एकसंध, वर खांद्यांवर पट्टे. मृदुलाने सवयीने आधी शिवण उलटून पाहिली. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या मॉलमध्ये, कपडे दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करण्यात तिची वर्षं गेली होती. जगातल्या कुठल्याच पँटीवर तिचा चटकन विश्वास बसत नसे.

“ही गळेल गं इरा. इथे टीप उसवलीय बघ.”

“आई, इट्स फाइन! सगळे आपल्यासाठी थांबलेत.”

“थांबू देत. पाण्यात मी उतरणारे, ते नाही.”

उतरणार तर सगळेच होते, पण आईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे इरा फार लहानपणी शिकली होती.

न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गिझबर्नच्या बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं होतं. तिथून लहान बोटीने किनाऱ्यावर, मग बसने गावाबाहेर. जहाजावरच्या पत्रकात ‘स्टिंगरेंसोबत पोहा’ असं ऐटीत छापलं होतं. प्रत्यक्षात पोहण्याचं नाव नव्हतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावरून कंबरभर पाण्यात चालत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि ते मासे येतात का बघायचं. इरा त्यांना स्टिंगरे म्हणायची. मृदुलाच्या तोंडात मात्र नवऱ्याचा शब्द बसला होता, पाकट. चारुदत्त देवगडचा.

बरोबरचा गाइड हेमी नावाचा, रुंद छातीचा, पिकल्या केसांची शेंडी बांधलेला माओरी माणूस. पाण्यात पाय टाकण्याआधी त्याने समुद्राकडे तोंड केलं आणि डोळे मिटून त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. मग सगळ्यांकडे वळून इंग्रजीत नियम सांगितले. पाय उचलायचे नाहीत, घासत चालायचं. पाकटं जंगली आहेत, त्यांना कुणी बांधलेलं नाही, मनात आलं तर येतील. आलं की माशाचा तुकडा सपाट तळहातावर धरायचा.

“आणि निघालं की जाऊ द्यायचं,” हेमी म्हणाला. “मागे हात घालायचा नाही.”

मृदुलाचं त्याच्याकडे निम्मंच लक्ष होतं. ही सगळी सहल इराची कल्पना. “वर्ष भरायच्या आठवड्यात आपण त्या घरात नको, आई,” असं म्हणत तिने परस्पर तिकिटं काढली होती. मृदुला आली खरी, पण जहाज ऑकलंडहून सुटल्यापासून तिचा जीव घरात अडकला होता. का नाही अडकणार? घरी चारुदत्त एकटा होता.

आणि चारुदत्तला जाऊन या शनिवारी वर्ष होणार होतं.

गेल्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, तो पेनरोजहून नेहमीसारखा घरी आला. तिथल्या एका शीतगृहात तो कॉम्प्रेसर सांभाळायचा. रिमोट दाबला, गॅरेजचं दार घरघरत वर गेलं, गाडी आत आली, दार खाली आलं. मृदुला आत चहा टाकत होती. चहा उकळला, गाळला, निवला, तरी हा आत येईना. जाऊन बघते तर गाडीतच बसलेला. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मांडीवर फिश अँड चिप्सचा कागद आणि त्यात एक तुकडा उरलेला. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल.

आता हे फिश अँड चिप्सचं प्रकरण असं की मृदुला पक्की शाकाहारी. तिच्या घरात मासा आला नाही, येणारही नव्हता. मग देवगडच्या माणसाने करायचं काय? दर शुक्रवारी तो गाडीतच मेजवानी उरकायचा आणि वेलदोडा चघळत साळसूदपणे आत यायचा. तिला वास यायचा, ती बोलायची नाही. संसारात एवढा कानाडोळा चालतोच.

दहावा ऑकलंडजवळच्या पुकेकोहे गावात झाला, तिच्या मैत्रिणीच्या, श्यामलाच्या मळ्यात. गुरुजी शनिवार-रविवारचे गुरुजी, एरवी सॉफ्टवेअर टेस्टर. पिंड मांडले, पान वाढलं, आणि सगळे आकाशाकडे बघत उभे राहिले. ऑकलंडच्या बाजूला कावळा शोधून सापडायचा नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी बघत उभे राहिले. एकेकाने पुढे होऊन हात जोडले. इराकडे आम्ही बघू. वहिनींना अंतर देणार नाही. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या आणि लांबूनच उडून गेल्या. निळा, लाल पायांचा एक पुकेको पक्षी डौलात चालत आला, पानाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि कांद्याच्या वाफ्यात निघून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. “शास्त्रात सोय आहे,” ते म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

मृदुलाने सोडला नाही. पानात वडे होते, खीर होती, मासा तेवढा नव्हता. तिला एकटीला ते माहीत होतं आणि ती गप्प राहिली होती. तो गेलेलाच नाही, असं तिला तिथे उभ्या उभ्या वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी, त्याच्या यायच्या वेळेला, गॅरेजच्या दाराची मोटर घरघरली. दार हललं नाही. नुसती घरघर, जराशी, आणि बंद. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकता भुंकता गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने तिने धीर करून गॅरेजमध्ये जाऊन वर पाहिलं. मोटरचा प्लग काढलेला होता. वायर नुसती लोंबत होती आणि मोटर तिच्या डोळ्यांदेखत घरघरत होती.

दुसरी कुणी असती तर किंचाळत रस्त्यावर आली असती. मृदुलाच्या अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण ती आत गेली आणि दोन कप चहा टाकला. तेव्हापासून तिने संध्याकाळची पाळी सोडली. कुणाकडे जेवायला जाणं सोडलं. घर बदलायचा विषय इराने काढला की ती अंगावर धावून जायची. मोटर घरघरायच्या वेळेला इरा आपल्या खोलीत गाणी मोठ्याने लावायची. पोरगी वाळत चालली होती, डोळ्यांखाली काळं धरलं होतं. नव्या नोकरीचा ताण, मृदुलाने ठरवून टाकलं. आणि कालच जहाजाच्या कठड्याशी इराने सांगून टाकलं होतं, “मी वेलिंग्टनला ट्रान्सफर मागितलीय, आई. आपण परत गेलो की मी मूव्ह होतेय.” मृदुलाने “बरं” म्हटलं. का, हे विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा.

तर असं सगळं पोटात घेऊन ती आता कंबरभर पाण्यात उभी होती. एका बाजूला इरा, दुसऱ्या बाजूला ती आजी. पाणी इतकं नितळ की खडकावरचं शेवाळ दिसावं. वारा पडला होता.

“देअर!” इरा कुजबुजली.

खोल पाण्याकडून काळ्या सावल्या सरकत आल्या. पंख नाही म्हणायचे तर काय म्हणायचं त्याला, कडा नुसत्या हलत होत्या. हेमी त्यांना नावांनी हाका मारत होता. म्हातारी, लंगडी, शेपूटतुटकी. त्या यायच्या, कुणाच्या तरी मांड्यांना घसटायच्या, तळहातावरचा तुकडा गिळायच्या. आजी लहान मुलीसारखी खिदळली. इराच्या हातचाही एकीने खाल्ला.

मग हेमी हाका मारायचा थांबला.

एक पाकट मागून येत होतं, सगळ्यांत मोठं, दिवाणावर पसरलेल्या घोंगडीएवढं. बाकीची बाजूला झाली. ते ना हेमीकडे गेलं, ना त्याच्या माशांच्या बादलीकडे. रांगेतल्या एकेकासमोरून सावकाश सरकत आलं, मृदुलापाशी थांबलं आणि तिच्या दोन्ही पावलांवर बसलं.

“हे कुठलं?” कुणीतरी विचारलं.

“माहीत नाही,” हेमी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “मी याला कधी पाहिलेलं नाही.”

केवढं वजन! मृदुलाला बोटं हलवता येईनात. आणि मग रबराच्या बुटांतून, तळव्यांतून, तिला ते जाणवलं. घरघर. जराशी, आणि बंद. पुन्हा जराशी.  पाकटाचे डोळे पाठीवर होते, वर, आणि ते तिच्याकडे बघत होते.

हेमीने तिच्या हातात माशाचा तुकडा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने मासा हातात धरला. गार, बुळबुळीत. तिला किळस आली नाही. उलट सगळं एकदम लख्ख कळलं, आणि कळताक्षणी तिने मूठ घट्ट मिटली.

“ओपन हँड, लव्ह,” हेमी म्हणाला.

तिने मूठ छातीशी नेली.

“आई, दे ना त्याला.”

“नाही.”

“आई?”

“नाही देणार. खाल्लं की जाईल तो.”

 इराने ‘कोण’ असं विचारलं नाही. मृदुलाला ते नंतर आठवलं. तेव्हा ती फक्त पाण्याकडे बघत होती.

भरती लागली होती. हेमीने बाकीच्यांना हळूहळू किनाऱ्याकडे वळवलं. पाणी कंबरेवरून वर आलं, छातीच्या पट्ट्यांकडे चढू लागलं. उसवलेल्या टिपेतून एक गार धार आत शिरली. “पाय ओढू नका,” हेमी शांतपणे, पण फार सावकाश बोलत होता. “त्याच्या शेपटीत काटा आहे. त्याला खायला द्या, ते उठेल. आपल्याकडे फार वेळ नाही.”

मृदुला हलली नाही. तिला खरंच वाटत होतं, राहावं असंच. तो पायांशी आहे, पाणी वर येतंय, येऊ दे. कुठे जायचंय कुणाला!

इरा घासत घासत तिच्या अगदी जवळ आली. तिचे दात वाजत होते.

“आई, बाबा येतात ते मलापण ऐकू येतं.”

मृदुलाने मान वळवली.

“रोज येतं. प्लग मीच काढला होता. तरी येतात.” इरा रडत होती आणि मराठीत बोलत होती, अडखळत, शब्द शोधत. “मी वर्षभर नीट झोपले नाहीये. मला भीती वाटते, आई. बाबांची. माझ्या स्वतःच्या बाबांची भीती वाटते. आय हेट इट. मला त्यांची आठवण यायला हवी ना? येतच नाही. नुसती भीती येते.”

 हा ऐवज आपल्या एकटीचा, असं समजून मृदुला वर्षभर त्याला उराशी धरून बसली होती, आणि भिंतीपलीकडे पोर उशीत तोंड खुपसून थरथरत होती. अगं बाई, काय केलंस हे?

त्यांच्या घरात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नसे. कुणाच्याच घरात म्हणत नाहीत. निघणारा म्हणतो ‘येतो’, राहणारा म्हणतो ‘या’. त्या शुक्रवारी सकाळीही तो ‘येतो गं’ म्हणाला होता आणि कणीक मळता मळता ती ‘या’ म्हणाली होती. शब्दाचा पक्का माणूस. येत राहिला होता बिचारा.

तिने पाण्यात हात घातला आणि मूठ उघडली.

“जा आता,” ती म्हणाली. तिने पुन्हा म्हटलं. “अहो, जा. इरा घाबरते.”

पायांवरचं वजन सरकलं. पाकटाची पुढची कड पाण्यातून उचलली गेली, तिच्या मनगटावर मऊ पांढरं पोट टेकलं. समुद्र गार होता, पण तळहातावर जे टेकलं ते कोमट होतं. तुकडा गेला. तरी ते क्षणभर तसंच राहिलं, रिकाम्या तळहातावर. मग वळलं आणि खोल पाण्याकडे गेलं. तिने मागे हात घातला नाही.

पाय एकदम हलके झाले आणि ती कलंडली. इराने तिला काखेतून धरलं. दोघी तशाच, एकमेकींना धरून, किनाऱ्याला लागल्या. हेमीने मृदुलाच्या बुटांतलं पाणी स्वतः ओतून टाकलं. निघताना त्याने त्याच्या लोकांच्या रीतीने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

परतीच्या बसमध्ये हात स्वच्छ करायच्या पाण्याची बाटली फिरली. सगळ्यांनी नाकं मुरडत हात चोळले. मृदुलाने बाटली तशीच पुढे दिली. इरा तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. गावाची पहिली घरं लागायच्या आत तिला झोप लागली. तोंड उघडं, लहानपणी लागायची तशी.

बस बंदराशी थांबली. माणसं उतरली, आजीने हात हलवला. बोटीचा भोंगा एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. ड्रायव्हर मागे बघत उठला आणि दोन सीट अलीकडेच थांबला, कारण मृदुलाने डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं होतं. उजवा हात तिच्या मांडीवर तसाच पडला होता, माशाच्या वासाचा, उघडा.