ग्रिझेल लॉरीचा शिक्का

एडिंबरोच्या पार्लमेंट क्लोजमधल्या लहानशा दुकानात सोमवारी सकाळी बॅलगार्वीच्या अर्लचे कारभारी, प्रिंगलसाहेब, येऊन उभे राहिले. समोर ग्रिझेल लॉरी. चांदीकाम करणाऱ्या पॅट्रिक लॉरीची विधवा, नाकावर माशी बसू न देणारी. मेजावर सुपाचं मोठं चांदीचं भांडं होतं, दोन कानांचं, पोटावर अर्लच्या घराण्याचं चिन्ह कोरलेलं. सहा आठवड्यांचं काम. आता फक्त बुडावर कारागिराचा शिक्का ठोकायचा आणि भांडं तपासणीला पाठवायचं.

"काम नामी झालंय," कारभारी म्हणाले. "तेवढा शिक्का मात्र तुमचा नको. शेजारच्या डॅलग्लिशचा मारून घ्या. मी बोललोय त्याच्याशी."

"डॅलग्लिशनं याला बोट तरी लावलंय का?"

"बाई, शुक्रवारी मेजवानी आहे. मोठी माणसं भांडं उलटं करून शिक्का बघतात. बाईच्या हातचं निघालं तर हसं होईल आमचं."

"म्हणजे घडवायचं मी नि नाव त्याचं? आयत्या बिळावर नागोबा!"

कारभाऱ्यांनी सूर बदलला. "बरं, मग पॅट्रिकचा मारा. त्याचा ठसा आहेच ना तुमच्याकडे? नवऱ्याच्या नावात कसला आलाय कमीपणा?"

हे मात्र तिला लागलं. पॅट्रिकचे हात शेवटची वीस वर्षं थरथरायचे. माणूस भला होता, तिचा त्याच्यावर जीवही होता. पण त्या वीस वर्षांत त्याच्या शिक्क्यानं जे जे बाहेर गेलं, ते सगळं हिनं घडवलेलं. अर्लच्या मेजावरचे निम्मे चमचे हिच्याच हातचे. तेव्हा ती नवऱ्यासाठी गप्प बसली. आता कोणासाठी बसायचं? गेल्याच महिन्यात कारागिरांच्या पंचांशी कडाकडा भांडून तिनं स्वतःच्या नावाचा ठसा मिळवला होता.

"यातली चांदी कुणाची, कारभारीसाहेब?"

"अर्लसाहेबांची. जुनी ताटं वितळवायला मीच नाही का आणून दिली?"

"मग तेवढ्याच वजनाची परत न्या. वितळवून गोळा करून देते. गोळ्यावर कुणाचंच नाव नसतं, हसं व्हायची भीती नाही."

तिनं हातोडा उचलला. कारभारी हसले. पहिला घाव उजव्या कानावर बसला आणि चार दिवस खपून घडवलेला तो कान वाकला. हातोडा पुन्हा वर गेला.

"अहो, वेड लागलंय का? शुक्रवारी सूप काय माझ्या टोपीतून वाढू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"थांबा, थांबा! मारा तुमचाच शिक्का! कानही सरळ करून द्या, पण आटपा लवकर!"

घाईघाईनं कारभाऱ्यांनी स्वतःच भांडं पालथं घातलं. ग्रिझेलनं ते पुन्हा सरळ केलं. आतून लोखंडी दांड्याचा आधार दिला, आपला ठसा अर्लच्या चिन्हाच्या अगदी खाली, दर्शनी बाजूला टेकवला आणि एकाच घावात ठोकला.

"हे काय केलंत!"

"मोठ्या माणसांना भांडं उलटं करायचे कष्ट कशाला?" ती म्हणाली.