फुंकरबाबाचे खेकडे

खाडीच्या धक्क्यावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबांनी झाकलेल्या टोपलीतून खेकड्याचं एक निपचित पिल्लू काढलं, ओंजळीत धरलं आणि डोळे मिटून फू-फू करत बसले. थोड्या वेळाने पिल्लाचा एक पाय हलला. मग दुसरा. मग ते बाबांच्या अंगठ्याला कडकडून चावलं! गर्दीने जयजयकार केला. बाबांनी अंगठा चोखला.

"खाडीतली पिल्लं मरतात, कारण उरलेल्या खारफुटीत भूत बसलंय," बाबा गरजले. "आजच झाडं तोडा. तिथे आमचा मठ उभा राहील!"

भुताची जागा मठाला कशी चालते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. खेकडेवाली मावशी तर कोयता घेऊनच आली होती. वर्षभर तिचे पिंजरे जवळजवळ रिकामेच निघत होते. बुडत्याला काडीचा आधार, तसे तिला बाबा.

शेजारी तिची भाची होती, शाळेत विज्ञान शिकवणारी. "मावशी, टोपलीतलं एक पिल्लू हातात घे बरं."

"हात लावू नका!" बाबा ओरडले, पण मावशीचा हात आत गेला होता.

"अगं बाई, किती गार!"

"नांग्या बांधण्याआधी तू खेकड्यांचं काय करतेस?"

"बर्फात ठेवते. गपगार पडले की चावत नाहीत."

"आणि बाहेर काढल्यावर?"

"ऊब लागली की वळवळायला लागतात," म्हणत मावशीने कपाळावर हात मारला. हा चमत्कार ती जन्मभर रोज सकाळी करत आली होती, आणि कुणी कधी तिच्या पाया पडलं नव्हतं.

भाचीने टोपली उपडी केली. भुशाखालून बर्फ घरंगळला. मग तिने चिखलातलं खरोखर मेलेलं पिल्लू बाबांपुढे ठेवलं. बाबा फुंकून फुंकून घामाघूम झाले.

"श्रद्धा कमी पडली," ते पुटपुटले.

"कुणाची, पिल्लाची?" मागून कुणीतरी विचारलं.

मावशी मात्र हसली नाही. "मग माझी पिल्लं मारतंय कोण?"

"आपणच. ती खारफुटीच्या मुळांत लपतात, तिथेच वाढतात. आपण झाडं तोडली, आता उघड्या चिखलात मासे त्यांना गिळतात. उरलेली गावातून खाडीत सोडलेल्या या गटाराने गुदमरतात. घाण कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो."

मावशीने हातातल्या कोयत्याकडे पाहिलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खारफुटीकडे पाठ करून गर्दीसमोर उभी राहिली.

"फुंकायचं तर चुलीत फुंका! कुणी मेलेलं उठवतो म्हणाला, तर आधी हात लावून बघा. आणि आता चला, ते गटार वळवू. या झाडांना हात लावाल, तर गाठ माझ्याशी आहे."