सरळ केलेले ब्रेक

सायकल दोन पावलं पुढे ढकलत मी डावा ब्रेक दाबला. पुढचं चाक फिरतच राहिलं, अडलं ते मागचं. उजवा दाबला, पुढचं अडलं. पुन्हा डावा. पुन्हा मागचंच.

शर्यत सुरू व्हायला बारा मिनिटं होती.

"काय, कसे वाटतात?" मागून नवऱ्याचा आवाज आला. त्याच्या हातात माझी पाण्याची बाटली होती आणि स्वारी भलतीच खुशीत होती. "काल तू दुपारच्या ड्यूटीला होतीस ना, तेव्हा केले. तुझ्या त्या मेकॅनिकनं उलटेच जोडले होते गं! पुढचा डावीकडे आणि मागचा उजवीकडे. गाढव आहे का तो? मी सरळ करून टाकले. केबलीसुद्धा नव्या घातल्या."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर उंच इमारतींमध्ये लिफ्टचे ब्रेक तपासत हिंडतो, त्यामुळे ब्रेक या विषयात त्याला कुणी काही शिकवायचं नाही.

"उलटे नव्हते रे ते," हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेवढं बोलले असते तर त्याच्या पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि पुढचं मी वर्षभर गिळून बसले होते.

ते आधी सांगते, म्हणजे माझी काय गोची झाली ते कळेल.

मी एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसते. काचेला हात जाईल एवढं भोक आहे. त्यातून चिठ्ठी आत येते आणि गोळ्या बाहेर जातात. खुर्ची मागे सरकवली की कपाट लागतं, पुढे सरकवली की काच. आठ तास. लोक मान वाकवून त्या भोकालाच "ओ मॅडम" म्हणतात. सतरा वर्षं त्या खोक्यात बसून मला वेड कसं लागलं नाही, तर रविवार आणि सायकल. डोंगरात गेलं, चाकाखाली माती लागली की मला वाटतं, चला, अजून आहोत आपण.

वर्षातून एकदा इथे डोंगरातल्या सायकलींची शर्यत होते. मी नंबरात येणाऱ्यांपैकी नाही हो, कप्पाळ! मला फक्त ती एकदा पूर्ण करायची आहे. पहिल्या वर्षी चेन तुटली. दुसऱ्या वर्षी दोनदा पंक्चर. तिसऱ्या वर्षी ‘जिन्या’वर आपटले. जिना म्हणजे दगडांच्या पायऱ्यापायऱ्यांचा उतार, दोनेकशे पावलांचा. उजव्या मनगटात लोखंडाची पट्टी आणि सहा स्क्रू बसले.

दवाखान्यात पलंगापाशी बसून नवरा म्हणाला होता, "मी सायकलच्या विरुद्ध नाही. मी तुझ्या पडण्याच्या विरुद्ध आहे. हात पूर्ण बरा झाला तर चालव. नाहीतर ती सायकल मी भंगारात देईन, मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी." आणि हे रडत रडत म्हणाला, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "साठ टक्के ताकद येईल. त्यापुढे फार आशा धरू नका." मी घरी येऊन सांगितलं, शंभर टक्के.

आता ब्रेकचं. उतारावर सायकल थांबवतो तो मुख्यतः पुढचा ब्रेक. तो नेमका, बोटाबोटानं दाबावा लागतो. कमी दाबला तर सायकल सुसाट सुटते, जास्त दाबला तर आपण हँडलवरून पुढे. आमच्याकडे तो उजव्या हाताला असतो, आणि माझ्या उजव्या हाताला धड चिमटाही काढता येत नव्हता. म्हणून मी मेकॅनिककडे गेले आणि तो डाव्या हाताकडे घेतला. मग आठ महिने खिडकीखालच्या खणात रबरी चेंडू ठेवला. उजव्या हातानं गोळ्या द्यायच्या आणि डाव्यानं चेंडू दाबत बसायचं. वीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे काय चेष्टा आहे? पण मोडली. गेल्या महिन्यात चार रविवार जिना उतरले, एकदाही पाय न टेकवता. चौथ्यांदा खाली आले तेव्हा एकटीच मोठ्यानं हसले होते.

घरी मात्र नाटक चालू होतं. पिशव्या डाव्या हातात, कणीक डाव्या हातानं. भीती वाटायची ती बरण्यांची, घट्ट झाकण म्हणजे माझं भांडं फुटलंच. पण सासूबाई हल्ली विसराळू झाल्या होत्या. झाकण नुसतं टेकवून ठेवायच्या, ते माझ्या पथ्यावरच पडलं. नवरा तेवढा करवादायचा.

"आई, साखरेत पुन्हा मुंग्या! झाकण लावायला काय होतं गं?"

"वय झालं रे बाबा," त्या म्हणायच्या.

तर असं सगळं. आणि आता बारातली चार मिनिटं गेली होती.

दुरुस्तीचा तंबू समोरच होता. दोन केबलींची अदलाबदल, पाच-सात मिनिटांचं काम. मी सायकल तिकडे वळवली. नवरा बरोबर चालू लागला.

"काय झालं? काही राहिलं का?"

"नाही रे, हवा बघून घेते."

"हवा मी बघितली की! पुढे थोडी कमी ठेवलीय, दगडांना बरी." त्यानं हे कुठे वाचलं होतं कोण जाणे. वर्षभर जो माणूस माझ्या सायकलकडे सवतीकडे बघावं तसं बघत होता, त्यानं काल संध्याकाळी मांडी घालून बसून तिची हवा मोजली होती. त्याच्या नखांत अजून वंगण होतं. काय बोलणार होते मी त्याला?

"मग झालं तर," मी म्हणाले, आणि जाऊन रांगेत उभी राहिले.

चढ छान गेला. चढाला ब्रेक लागत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात मी दहा-बारा जणांना मागे टाकलं, आणि मनात आलं, अगं, होईल बहुतेक. मग जिना आला.

वरून तो नेहमीसारखाच दिसत होता. मी हात हँडलवर ठेवले आणि माझ्या लक्षात आलं, की मला दोन्ही हातांचा भरवसा उरलेला नाही. डाव्याला सगळं येत होतं, पण त्याच्याकडे आता मागचं चाक होतं. पुढचं चाक उजव्याकडे, आणि त्याच्यात जीव नाही. डोकं सांगत होतं एक, बोटं करणार होती दुसरं.

"ताई, साइड! साइड!" मागून आरडाओरडा झाला. तिघं-चौघं माझ्या बाजूनं धाडधाड खाली गेले.

मी उतरले. सायकल खांद्यावर घेतली आणि एकेक दगड बघत चालत खाली आले. नवऱ्याचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. त्याहून जास्त स्वतःचा. शंभर टक्के म्हणे! एवढ्या थापा मारायला कुणी सांगितलं होतं?

प्रत्येक उताराला तेच. जिथे वाऱ्यासारखं जायचं तिथे मी पाय घासत गेले. शर्यत दोन फेऱ्यांची. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टाकीपाशी सकाळी दहा वाजायच्या आत पोचायचं असतं, नाहीतर पुढे सोडत नाहीत. पहिल्या फेरीत गेलेला वेळ भरून काढायला मी चढावर जीव तोडून पाय मारले. समोर दुसऱ्यांदा जिना आला. सायकलवरून गेले असते तर एक मिनिट. चालत सहा.

खरं सांगते, यावेळी मी बसले होते. पुढचं चाक पहिल्या दगडावर टेकवलंसुद्धा होतं. उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर ठेवून दाबली, तरी चाक पुढे घसरतच राहिलं. मी पुन्हा उतरले.

टाकीपाशी दोरी लावलेली होती. शिट्टी गळ्यात अडकवलेली एक बाई पुढे आली.

"ताई, सॉरी हं. चार मिनिटं झाली."

"माहितीये," मी म्हणाले. तिनं कात्रीनं हँडलवरचा नंबर कापून घेतला. फार जपून कापला, केबलला कात्री लागू नये म्हणून.

नवरा शेवटच्या रेषेपाशी उभा होता. मला बाजूच्या रस्त्यानं येताना बघून तो धावतच आला. आधी त्यानं माझं उजवं मनगट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मग गुडघे, मग कोपरं.

"एक ओरखडा नाही!" तो म्हणाला. "बघितलंस? ब्रेक सरळ असले की माणूस पडत नाही. वेळेचं सोड गं, वेळ काय पुढच्या वर्षी जमेल. पण पडली नाहीस ना!"

"नाही पडले," मी म्हणाले. "चांगले लागले ब्रेक."

"यापुढे सायकलचं सगळं मीच बघणार. त्या गाढवाकडे पाऊल टाकायचं नाही."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर त्यानं सायकल पुसली आणि बोळातल्या खुंट्यांना टांगली. मी चहाला आधण ठेवलं आणि साखरेची बरणी ओढली. झाकण हात लागताच फिरलं. सहज शेजारच्या डाळीच्या बरणीला हात लावला, तेही सैल. पोह्यांचं, मिठाचं, तळाच्या फळीवरच्या पिठाच्या डब्याचं. एकूण एक सैल. फक्त सासूबाईंच्या औषधांच्या डबीचं झाकण, जे मला कधी उघडावं लागत नाही, ते गच्च बसलेलं होतं.

सासूबाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या.

"आई," मी विचारलं, "केव्हापासून?"

"तुझं प्लास्टर काढलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोणचं काढायला गेलीस आणि बरणी तशीच ठेवून म्हणालीस, मला नकोच लोणचं." त्यांनी फडकं झटकलं. "त्याला नाही सांगितलं मी. मुंग्यांचं काय, येतात नि जातात."

आधण उकळून वर आलं, ते त्यांनीच उतरवलं.

"आई, उद्यापासून झाकणं घट्ट लावत जा," मी म्हणाले. "आता ब्रेकला उजवाच हात लागणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे.

"सगळी एकदम नकोत. आधी चहाची लावते, ती लहान आहे." त्यांनी चहाच्या बरणीचं झाकण पिळून गच्च बसवलं आणि ती माझ्यासमोर ठेवली.

मी उजवा हात त्यावर ठेवला आणि पिळला. जोर लावला. झाकण जागचं हललं नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि पुढ्यातली साखरेची बरणी तशीच सैल झाकून त्यांनी जागेवर ठेवली.