चषकवाल्या सरांची पंचिंग बॅग

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. माझा जन्मच मार खात झाला. कारखान्यातल्या कारागिराने माझ्या पोटात चिंध्यांचा एकेक थर भरला आणि प्रत्येक थरावर लाकडी दांडक्याने घाव घातले. "पोट घट्ट पाहिजे, नाहीतर चार दिवसांत लोंबेल," असं तो सोबत्याला सांगत होता. मी मुकाट्याने सोसलं. सोसण्यासाठीच मला बनवलं आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

टायरच्या दुकानावरच्या मोठ्या खोलीत मला लोखंडी कडीला टांगलं. तिथे कराटेचा वर्ग भरत असे. शिकवणाऱ्या सरांचं काचेचं कपाट चषकांनी खच्चून भरलेलं होतं, म्हणून सगळे त्यांना चषकवाले सर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अशी लाथ घातली की कडी किंचाळली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या माणसाची लाथ!

हा अभिमान आठवडाभरही टिकला नाही. पाच वाजले की सर दाराला आतून कडी लावत. उशिरा येणाऱ्याच्या पोटऱ्यांवर वेताची छडी बसे. कुणी रडलं, तर बाकीच्यांनी रांगेने येऊन त्याच्या पोटात एकेक ठोसा मारायचा. "अशानं पोट दगडाचं होतं," सर म्हणत. एकदा एक मुलगा ओकला. सरांनी त्याला त्याच्याच सदऱ्याने फरशी पुसायला लावली. मुलं खाली जाऊन आईवडिलांना सांगत, "पडलो." आईवडील वर यायचे, कपाटाकडे बघायचे आणि खूश होऊन परत जायचे.

अशातच बारकी आली. नऊ वर्षांची, काटकुळी. शाळेच्या बसमध्ये दोन मुलं रोज तिचे केस ओढत, म्हणून तिला कराटे शिकायचं होतं. तिचे बाबा न्हावी होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, पदकं किती मिळाली?" आई रुग्णालयात मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालायची. तिने विचारलं, "मी एक दिवस बसून बघू का?"

"आई समोर असली की मुलं लाडावतात," सर हसून म्हणाले.

"सर म्हणतात ते बरोबर आहे. तू उगाच शंका काढू नकोस," बाबा म्हणाले आणि तिथल्या तिथे नाव घालून मोकळे झाले.

तिसऱ्या आठवड्यात बारकीचा पाय चुकीचा पडला. सरांनी आपल्या मुलीला पुढे बोलावलं. ती चौदा वर्षांची होती, अंगाने भरलेली. सगळे तिला थोरली म्हणत.

"हिला शिकव," सर म्हणाले.

थोरलीने लाथ मारली. बारकी पडली आणि उठली. दुसऱ्या लाथेला तिचा ओठ फाटला.

"अजून."

थोरलीने मुठी खाली घेतल्या. "बाबा, ती लहान आहे."

"इथे मी बाबा नाही!" सरांनी तिचे केस धरले आणि तिचं तोंड माझ्यावर आपटलं. मित्रांनो, तिच्या नाकाचं हाड मोडलेलं मला माझ्या कातड्यावर कळलं. मी बाजूला सरू शकले नाही. तिला सोडून सर बारकीकडे वळले. "हात वर ठेवायला सांगितला होता ना?" असं म्हणत त्यांनी तिचा हात पाठीमागे नेऊन पिरगाळला. कडकन आवाज झाला. सोळा मुलं रांगेत उभी होती. एकही जागचं हललं नाही.

तेवढ्यात थोरलीने रक्ताळलेल्या तोंडानेच बापाच्या अंगावर झेप घेतली आणि त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. "दार उघडा! कुणीतरी दार उघडा!" ती ओरडली. सर तिला झटकत होते, ठोसे घालत होते, पण तिचे दात काही सुटले नाहीत. शेवटी रांगेतल्या एकीने धावत जाऊन कडी काढली.

दारात बारकीची आई उभी होती. सकाळी लेकीला आंघोळ घालताना पाठीवरचे वळ तिने पाहिले होते. म्हणून रुग्णालयातली कामाची पाळी बदलून घेऊन ती आली होती आणि बंद दारावर थापा मारत होती.

"ताई, शिस्तीत थोडंफार लागतंच," सर धापा टाकत म्हणाले.

"बावीस वर्षं हाडं बांधतेय मी. पडून मोडलेलं आणि पिरगाळून मोडलेलं हाड यातला फरक मला नका शिकवू." तिने ओढणीने बारकीचा हात गळ्यात बांधला, दुसऱ्या हाताने थोरलीला धरलं आणि खाली जाऊन दुकानदाराला पोलिसांना बोलवायला सांगितलं. पोलीस सरांना घेऊन गेले. थोरली मावशीकडे राहायला गेली.

मला कुणीतरी जिन्याखाली फेकलं. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. येणारेजाणारे माझ्यावर चिखलाचे बूट पुसत. वर्षभराने एका बाईंनी मला उचललं, उंदीर काढले, मला शिवलं आणि एका शाळेच्या तळमजल्यावर टांगलं. त्या तिथे कराटे शिकवत. दार सताड उघडं असे आणि भिंतीलगत पालकांसाठी बाक असे.

एके दिवशी त्याच बाकावर बारकी आणि तिची आई येऊन बसल्या. मला पाहताच बारकीने आईचा दंड घट्ट धरला. "आई, ही तीच आहे."

"बाई, ती बॅग काढता का?" आई म्हणाली. बाईंनी कारण विचारलं नाही. त्या स्टुलावर चढल्यासुद्धा.

"राहू दे," बारकी म्हणाली.

मायलेकी तीन दिवस नुसत्या बघत बसल्या. याआधी त्यांनी चार वर्ग पाहिले होते. एके ठिकाणी दार बंद दिसलं, तर आई जिन्यातूनच परतली होती. बाबा तर म्हणत होते, पुरे झालं ते कराटे. पण बारकीच हट्टाला पेटली होती.

चौथ्या दिवशी तिने बाईंना विचारलं, "तुम्ही चिडता का?"

"चिडते की. मग बाहेर जाऊन पाणी पिते."

"आणि आम्ही चुकलो तर?"

"पुन्हा करायचं. मीही रोज चुकते."

बारकी माझ्यासमोर आली. तिने मूठ वळली. बाई म्हणाल्या, "अंगठा आत आलाय. हात धरून दाखवू का?"

बारकीचा खांदा ताठरला. तिने मूठ छातीशी ओढून घेतली. मग म्हणाली, "नको. तोंडाने सांगा."

बाई दोन पावलं मागे सरकल्या, जमिनीवर बसल्या आणि तोंडाने सांगू लागल्या. अंगठा बाहेर. मनगट सरळ. श्वास सोड.

बारकीने मारलं. मग पुन्हा मारलं. मग दातओठ खात, रडत, किंचाळत तिने मला असं बडवलं की माझी नवी शिवण उसवली. बाई मध्ये पडल्या नाहीत आणि आईही जागची उठली नाही. दमल्यावर बारकी नाक पुसत म्हणाली, "उद्या किती वाजता यायचं?"

मित्रांनो, तुमच्यासाठी शिक्षक शोधायला मोठी माणसं निघाली की त्यांना सांगा, कपाट नंतर बघा. आधी बाकावर बसा. दार उघडं आहे का ते बघा, आणि 'नको' म्हटल्यावर शिक्षकाचा हात मागे जातो का तेही बघा. कुणी मारलं, तर 'पडलो' म्हणू नका. मार खाणं हे माझं काम आहे. ते कुठल्याही मुलाचं काम नाही.