तांबडी रेष आणि चार हजार मते

माझी भाची रूपल प्रकाशा गावाहून सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीपर्यंत पाच दिवस अनवाणी चालणार होती आणि प्रत्येक मुक्कामाहून इन्स्टाग्रामवर रोजनिशी लिहिणार होती. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. बहिणीच्या आग्रहास्तव सोबत निघालो. वाटाड्या गुलाबसिंग काठीचाच. त्याची नवसाची पाळणी चालू होती, म्हणजे पायांत वहाण नाही आणि बाईला स्पर्श नाही. तो रूपलपासून चार पावले राखून चालत असे. रूपलचे अनवाणीपण मात्र उसने होते.

तिसऱ्या दिवशी बाभळीचा काटा तिच्या टाचेत मोडला. चौथ्या दिवशी सकाळी घोट्यावर तांबडी रेष दिसली. रेषेच्या टोकाशी मी पेनाने खूण केली व वेळ लिहिली : सात दहा. साडेनऊला रेष खुणेच्या चार सेंटिमीटर पुढे होती आणि रूपलला हुडहुडी भरली होती.

"संसर्ग वर चढतो आहे. आत्ताच्या आत्ता दवाखाना."

"मामा, दोनच दिवस राहिलेत! मागे तोरणमाळची चढाई अर्ध्यात सोडली, तर महिनाभर फॉलोअर मला 'अर्धवट रूपल' म्हणत होते. थांबा, लोकांनाच विचारते."

तिने पायाचा फोटो टाकला. थांबू की चालू?

वीस मिनिटांत चार हजार मते पडली. एकाहत्तर टक्के म्हणाले, चाल. एकाने लिहिले, 'आता चप्पल घातलीस तर अनफॉलो.' त्यांपैकी एकानेही तो तापलेला पाय हाताने चाचपला नव्हता.

"नालायक!" मी ओरडलो. "पंख्याखाली बसून दुसऱ्याचा पाय सडवतात! आणि तू त्यांना विचारतेस?"

ती रडू लागली, पण फोन सोडेना.

गुलाबसिंग प्रथमच बोलला. "ताई, नवस कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"मग मोडायला घाबरते कोणाला?"

 तिने फोन माझ्या हाती दिला आणि उठायला गेली, पाय टेकवेना. डांबरी रस्ता दीड किलोमीटर दूर होता आणि माझे गुडघे निकामी. गुलाबसिंग पाठ करून तिच्यापुढे उकिडवा बसला.

"अरे, तुझी पाळणी?" मी म्हणालो.

"मोडली."

"काठीत काय सांगशील?"

"पोरीचा पाय होता, असं सांगीन. बसवा तिला."

रस्त्यावर जीप मिळाली. दवाखान्यात सुई लागल्यावर रूपलने माझ्याकडून एकच शब्द टाकवून घेतला : 'थांबले.' पहिले उत्तर आले, 'फसवलंस.' मी फोन बंद केला. संताप मात्र बंद होईना.

दुसऱ्या दिवशी रेष माझ्या खुणेच्या दोन सेंटिमीटर खाली उतरली होती. ती नोंद मी कागदावर केली. एकाहत्तर टक्क्यांना कळवली नाही.