शेपटीचा रंग

बारामतीत घरोघरी कॉम्प्युटर यायला अजून अवकाश होता, तेव्हाची म्हणजे एकोणीसशे नव्याण्णवची ही गोष्ट. ताईबाईच्या घरात मात्र तो आला, कारण तिची सून मोनाली कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. त्यात विमान उडवायचा एक खेळ होता, आणि त्या खेळात आपल्या मनाजोगतं विमानही घडवता यायचं. मोनालीने सासऱ्यांचं विमान घडवायला घेतलं.

सासरे सावळाराम मूळचे इंदापूरकडच्या वरकुट्याचे. तरुणपणी पुण्याच्या फ्लाइंग क्लबात ते टायगर मॉथ नावाच्या विमानाची देखभाल करायचे. उडायला शिकणाऱ्यांचं ते विमान. एकावर एक दोन पंख, मधे तारा आणि वरून ताणून बसवलेलं कापड. त्या कापडाला रंग द्यायचं काम सावळारामांचं.

आता रोज संध्याकाळी सासरा-सून खुर्चीला खुर्ची लावून पडद्यापुढे बसायचे.

"एकदा पायलटसायबांनी मला फुडच्या शिटावर बसवून वर नेलं, पोरी. खाली मुठा नदी कशी दिसली सांगू? वाळत घातलेल्या पातळावानी."

भाकरी थापताना ताईबाईचा हात थांबला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे पातळ तिच्या कानावर आलं नव्हतं. तिने कधी विचारलंच, तर "तुला इमानातलं काय कळतंय?" एवढं ऐकून घ्यावं लागे. आणि ही काल आलेली पोर!

"शेपूट पिवळं होतं ना, आबा?" मोनालीने विचारलं.

"व्हय. हळदीवानी."

"पिवळं कुठलं?" ताईबाई चुलीपासून म्हणाली. "निळं हुतं. तुमच्या कपड्यांवरलं डाग कुणी घासलं? मीच की!"

डाग पिवळेच असायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सावळारामांनी चष्मा पुसून पडद्यावरचं शेपूट पुन्हा निरखलं. मग म्हणाले, "ती म्हणती तर निळंच आसंल."

शेपूट निळं झालं. दुसऱ्या दिवशी मोनालीने तारा किती होत्या ते विचारलं. "सासूला इचार. माझं काय खरं न्हाय," म्हणून सावळाराम ओट्यावर जाऊन बसले. मोनाली वही घेऊन चुलीपाशी आली. सून आपल्याला विचारते, याचं ताईबाईला क्षणभर बरं वाटलं. पण तारांचं ती काय सांगणार, कपाळ?

चौथ्या दिवशी जेवताना सावळारामांनी हळूच विचारलं, "आपलं लगीन वरकुट्यातच झालं न्हवं? का तुमच्या कऱ्हाटीत?"

ताईबाईने हातातला घास ताटात ठेवला. "वरकुट्यातच," ती म्हणाली. "आन मोनाली, ते शेपूट पिवळं कर. पिवळंच हुतं. मी खोटं बोलले."

"पण का, आत्याबाई?"

"मला कधी सांगितलं न्हाय म्हणून. नदीबी न्हाय, पातळबी न्हाय."

सावळारामांनी ताट सरकवलं. "चार दिस झालं, मला वाटतंय डोस्कं गेलं माझं!" एवढं बोलून ते तडक खुर्चीवर जाऊन बसले. "हळदीवानी कर, पोरी. आन तारा लिहून घे."

पुन्हा दोन डोकी पडद्याशी भिडली. ताईबाईच्या जिवाची पुन्हा लाही झाली. तिने स्टूल ओढत आणलं आणि बरोबर दोघांच्या मधे घातलं.

"सरक गं."

"आता काय?" सावळाराम गुरगुरले.

"मलाबी सांगा. पयल्यापासनं."

"का? फुडच्या खोट्याला माल पायजे व्हय?"

"व्हय," ताईबाई म्हणाली आणि पदर खोचून ठाण मांडून बसली. "सांगा."