दर्याला हळद

मंगळवारच्या किमोला जाणार नाय, असं माझ्या वयनीनं, पुष्पलतानं, जाहीर केलं तेव्हा ती दुधात हळद ढवळत होती. दूध कसलं, नुसता पिवळा चिखल.

"मेघाली, हळदीनं गाठीच्या पेशी मरतात. स्वरानं वाचून दाखवलं. मग ते विष कशाला टोचून घेऊ?"

आधीच्या किमोनं गाठ लहान झालेली, पालघरच्या डॉक्टरीणबाई खूश. पण वयनीचे केस गेले, तोंड आलं आणि बोंबलाच्या वासानं तिला ओकारी यायला लागली. दांडीसारख्या कोळ्यांच्या गावात जन्मलेल्या बाईला यापरीस मोठी शिक्षा नाय.

स्वरा, तिची पोरगी, पालघरला कॉलेजात शिकते. ती कपाळाला हात लावून बसलेली. "आत्या, मी अर्धं वाचलं तवर आईनं डबा उघडला. ते संशोधन काचेच्या बशीतल्या पेशींवर केलेलं हाय. हळदीतला अर्क थेट वर टाकला, पेशी मेल्या, हे खरं. ब्रोकोलीतल्या अर्काचंबी तसंच. पण खाल्लेली हळद गाठीपर्यंत तेवढी पोचतच नाय."

"कशी नाय पोचत? माशाला लावली तर मासा टिकतो का नाय?" वयनी म्हणाली आणि पेला तोंडाला लावला.

आता मी गावातली नंबरी वात्रट. जावयाच्या बुटात जिवंत चिंबोरी सोडणारी. भांडून वयनी ऐकणार नाय, हे मला ठाऊक. मी हळदीचा डबा उचलला आणि बंदराकडं पळाले.

"अगं मेघाले! डबा ठेव!" वयनी मागं.

भरती लागलेली. मासळी निवडत बसलेल्या बायांना मी हाळी दिली, "चला गं, दर्याला हळद लावायचीय! नवरा तयार हाय!"

आमच्याकडं हळद म्हटलं की बायांना कारण लागत नाय. कोणाचं लगीन, कसलं लगीन, काय विचारणं नाय. नवसी म्हातारीनं हळदीचं गाणं उचललं, बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. वयनी धापा टाकत पोचली तसा मी डबा पाण्यात उपडा केला.

पाणी पिवळं झालं. एक लाट आली, मागं गेली. पिवळं कुठं गेलं ते कोणालाच दिसलं नाय.

"अगं, घरी कुटलेली हळद! सगळी वाया!"

"वाया कशी? सगळ्या मासळीला लागली की. उद्या जाळ्यातनं आली का थेट तव्यावर टाक."

"येडी काय तू? तुकडे ताटात घेऊन लावतात हळद. दर्यात टाकून कुठं माशाला..."

ती तिथंच थांबली. बाया हसत होत्या. ती हसली नाय. डोक्याचा रुमाल सारखा करत वाळूत बसली. मी मनात उड्या मारत बाजूला बसले. जिंकले ना!

"मला कळत नाय असं वाटलं तुला?" ती हळू आवाजात म्हणाली. "स्वरा बोलली तवाच कळलं. पण तिथं मी नुसती पडून ऱ्हाते गं. अंगात काय सोडतात, कधी सोडतात, सगळं त्यांच्या हातात. हळद तरी मी माझ्या हातानं घेत होते."

मी रिकामा डबा बाजूला वाळूत ठेवला. म्हातारीचं गाणं अजून चालूच होतं.

"भ्या वाटतं?" मी विचारलं.

"मग काय मजा वाटते?"

"तर हेच डॉक्टरीणबाईंना सांग. मी येते संगती."

मंगळवारी ती आली. आत गेल्यावर सगळं बोलली, हळदीच्या पेल्यासकट. डॉक्टरीणबाई रागावल्या नाय. "कालवणात घालता तेवढी हळद खुशाल खा. पेले भरभरून किंवा गोळ्या मात्र उपचार चालू असताना नको. असे काही अर्क औषधाच्या आड येऊ शकतात. अभ्यास चालू आहे, पक्कं उत्तर अजून कोणाकडेच नाही."

"मग मी काय करू? मला करायला काय तरी द्या."

बाईंनी वयनीचा हात हातात घेऊन दाबून बघितला. "शिरा सापडत नाहीत म्हणून तुम्हाला दोनदोनदा टोचतात ना? पाणी प्या, हात गरम ठेवा, मूठ उघडझाप करा. शीर तुम्ही वर आणून द्या."

बाहेर बाकावर वयनी हात पदरात गुंडाळून मूठ वळत होती, सोडत होती. मी एक गंमत सांगायला तोंड उघडलं.

"गप," ती म्हणाली. "माझं काम चाललंय."

सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा वयनीनं स्वतःच हात पुढं केला आणि बोट ठेवून शीर दाखवली.

"ही घे. ही चांगली हाय."

सिस्टरनं तीच घेतली.